मँगनीजच्या टेकडीत

तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वे फाट्याच्या भागात काळ्या दगडाच्या टेकड्या आहेत. चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं भंडारा जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असतात. त्या मोठ्या खाणी. मी ज्या खाणीत काम केलं ती त्यांतली नाही. ती याच पट्ट्यातली एक लहान खासगी खाण होती. तिचं आणि मालकाचं नाव मी सांगणार नाही. आधी नमुने गोळा करणारा पोरगा म्हणून लागलो. पुढे मेटची, म्हणजे पाळीच्या मुकादमाची, परीक्षा दिली आणि जमिनीखाली पाळी सांभाळू लागलो. आमच्या गावांतून अजूनही पोरं खाणीत कामाला जातात. काय बघायचं, काय विचारायचं, कोणता कागद जपायचा हे त्यांच्या घरी कोणाला माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं. म्हणून जे झालं ते सांगतो.

आधी दगड समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. आमच्याकडचं मँगनीज फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून बसलं. त्याच्या वर-खाली चिखलाचे आणि वाळूचे थर होते. ते सगळं खोल गाडलं गेलं, तापलं, दाबलं गेलं. चिखलाचा चमचमणारा अभ्रकी शिस्ट झाला. चांगल्या मँगनीजच्या गाळाचं ब्रॉनाइट झालं, काळं, जड, कठीण. जिथे गाळात वाळू-माती मिसळलेली होती तिथे नारिंगी गार्नेट आणि गारगोटी यांचा गोंडाइट तयार झाला. भूवैज्ञानिक या थरांना सौसर गट म्हणतात. त्यातल्या ज्या थरांत खनिज सापडतं त्यांना रामटेकजवळच्या मनसरचं नाव आहे. हा पट्टा नागपूर-भंडाऱ्यातून पलीकडे बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत जातो. फर्मोर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी त्याचं नाव हमखास यायचं.

थर नुसते कललेले नाहीत, त्यांना घड्या पडल्या आहेत. जाड गोधडी घडी घालून तिरकी उभी करावी, तसा आमचा खनिजाचा थर टेकडीत उभा होता. घडीच्या वळणावर तो फुगायचा. बाजूला चिमटल्यासारखा बारीक व्हायचा. शिस्ट पावसापाण्याने झिजतो, गोंडाइट आणि खनिज झिजत नाहीत. म्हणून खनिजाच्या रेषेवरच टेकडी उभी राहते.

मी लागलो तेव्हा वरचा माल बराचसा काढून झाला होता. उतारावरच्या मातीत पडलेले सुटे काळे गोळे तर त्याच्याही आधी लोकांनी हाताने वेचून संपवले होते. माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांची उघडी खदान होती. थर तिरका असल्यामुळे जितकं खाली जावं तितका वरचा बिनकामाचा दगड जास्त काढावा लागे. पुढे ते परवडेना. मग मालकाने टेकडीच्या कुशीतून आडवा बोगदा घातला. त्याला अॅडिट म्हणतात.

बोगदा आधी थराला आडवा, शिस्टमधून गेला. खनिज लागल्यावर तिथून थराच्या कडेने दोन्ही बाजूंना रस्ते काढले. बोगद्याला बाहेरच्या दिशेने किंचित उतार ठेवला होता. त्यामुळे पाणी आपोआप बाहेर जायचं आणि भरलेले टब ढकलायला जोर कमी लागायचा. सपाटीवरच्या खाणीत विहिरीसारखं खोल उतरून लिफ्ट बसवावी लागते आणि सगळं पाणी पंपाने वर काढावं लागतं. टेकडीतल्या लहान खाणीला हा खर्च नसतो. अशा खाणी तगतात त्या यामुळेच.

हवेचंही तसंच. आमच्या रस्त्यांपासून वरपर्यंत एक उभी वाट काढली होती. खाली बोगद्याचं तोंड, वर त्या वाटेचं तोंड. आतल्या दगडाचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. थंडीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, ती वरून निघून जाते आणि खालून ताजी हवा आत येते. मे महिन्यात उलट होतं. आतली गार, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि वरून गरम हवा आत येते. बाहेर अंगाची लाही होत असताना बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागायचा, जेवायला सगळे तिथेच बसायचे. पण बाहेरची आणि आतली हवा सारखी गरम असते असे दिवस येतात. पावसाळ्यात ते पुष्कळ असतात. तेव्हा वारा थांबतो. सुरुंग उडवल्यावरचा धूर तासन्‌तास निघत नाही. मला पहिल्यांदा तो धूर लागला तेव्हा डोकं इतकं दुखलं, की भिंतीला धरून बाहेर आलो. कोणाला सांगायची लाज वाटली. नवीन माणूस घाबरतो असं म्हणतील, एवढंच मनात होतं.

नंतर जुन्या मेटने एक सोपी गोष्ट शिकवली. बोगद्यात शिरताना उदबत्ती पेटवायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. धूर सरळ वर उभा राहिला तर त्या दिवशी सुरुंग पाळीच्या शेवटी उडवायचे आणि कोणाला आत पाठवायचं नाही. आमच्याकडे पंखा पुष्कळ उशिरा आला. यायला हवा होता पहिल्या पावसाळ्याआधी.

या मेटला सगळे दादाजी म्हणत. आयुष्य दगडात गेलेलं. आधी ड्रिलवर, मग मेट. पाळी सुरू झाली की त्यांचं पहिलं काम ठोकाठोकी. सब्बलीने छत आणि वरची भिंत ठोकत जायचं. घट्ट दगड टणटण वाजतो. सुटलेला दगड बद्द वाजतो. एक हात दगडाला लावून दुसऱ्या हाताने ठोकलं, तर सुटा दगड आतून थरथरतो, ते तळहाताला कळतं. ते ठोकत असताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मला म्हणायचे, ‘‘दगड बोलते बापू. तू नको बोलू, आयकून घे.’’ सुटा दगड सापडला की घट्ट छताखाली उभं राहून, लांब सब्बलीने तो पाडायचा. त्याच्या खाली उभं राहून कधीच नाही. आणि जे बघितलं ते पाळीच्या वहीत लिहायचं, तारीख, वेळ आणि जागेसकट. दादाजी सातवी शिकलेले, पण अक्षर मोठं आणि स्वच्छ. वही ते कोणाला लिहू द्यायचे नाहीत.

माल काढायची पद्धत अशी होती. थर खालून वर कापत जायचं. माणसाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त अशी एक आडवी पट्टी काढायची, माल खाली सोडायचा, रिकामी जागा वाळूने भरायची. मग त्या वाळूवर उभं राहून पुढची पट्टी काढायची. वाळू पाण्याबरोबर पाइपातून आत सोडतात. पाणी झिरपून निघून जातं, वाळू घट्ट बसते. वाळू भरलेली असली की दोन्ही बाजूंच्या भिंतींना आधार मिळतो. आमच्याकडे वाळू नदीवरून ट्रकने यायची आणि तिचा खर्च मालकाला जड जायचा. त्यामुळे भरणी नेहमी मागे पडायची. माल पुढे, वाळू मागे. पुढे जो अपघात झाला त्याचं मूळ इथे आहे.

त्याआधी एकदा खनिजच हरवलं. पूर्वेकडच्या रस्त्यात माल चांगला दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा जाड होता. तो बारीक होत गेला, वीतभर राहिला आणि संपला. समोर नुसता दगड. ठेकेदार म्हणाला, थर संपला, दुसरीकडे चला. काही जणांचं काम जाणार हे उघड होतं. दादाजींनी समोरच्या दगडाचा तुकडा तोडला, पाण्याने धुतला आणि दिव्याखाली धरला. त्यात नारिंगी दाणे होते. ते म्हणाले, गार्नेट आहे तोवर आपण रेषेवर आहोत. नुसता अभ्रक दिसला असता तर रेष सुटली म्हणता आलं असतं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वेळा वापरली.

मालकाने नागपूरहून एक भूवैज्ञानिक बोलावले. त्यांनी होकायंत्र काढलं आणि लगेच परत खिशात ठेवलं. आमच्या खनिजात काही ठिकाणी चुंबकाला ओढणारं खनिज होतं, तिथे सुई भलतीकडेच वळायची. त्यांनी छतात ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्यांना ओळंबे लावले आणि त्या रेषेवरून दिशा मोजल्या. मग ते छताकडे बघत बसले. छतातल्या शिस्टमध्ये बोटाएवढ्या लहान लहान घड्या होत्या. रोज त्यांच्याखालून जाऊनही आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या सगळ्या घड्यांच्या वळणाची रेष पूर्वेकडे खाली झुकलेली होती. ते म्हणाले, लहान घडी जशी पडते तशीच मोठी पडते. या पातळीवर तुम्ही घडीच्या वळणापाशी आलात, म्हणून माल संपला. तो पूर्वेकडेच आहे, पण खाली. मग रस्त्याच्या तळातून तिरकी उतरती वाट खोदली. मधे पुष्कळ दिवस नुसता दगडच निघाला, मालक रोज येऊन बघून जायचा. शेवटी काळा दगड लागला आणि वळणावर तो अपेक्षेपेक्षा जाड निघाला. मला त्या दिवशी फार आनंद झाला. घरी जाऊन बायकोला छतातल्या घड्यांबद्दल सांगत बसलो, तिला झोप आली तरी.

पण आता आम्ही बोगद्याच्या पातळीच्या खाली होतो. पाणी आपोआप बाहेर जाण्याची सोय संपली. पंप आला, डिझेल आलं, पंप बंद पडला की काम बंद.

विक्रीबद्दल थोडंच सांगतो. माल टक्क्यावर विकला जातो. मँगनीज किती, फॉस्फरस किती, सिलिका किती यावर भाव. बहुतेक माल पोलाद कारखान्यांसाठी मँगनीजचे मिश्रधातू बनवायला जातो. माल फोडायचं आणि निवडायचं काम वर उन्हात बायका करायच्या. हातात घेतल्याबरोबर वजनावरून कुठला खडा ठेवायचा, कुठला टाकायचा ते त्यांना कळायचं. गोंडाइटचा खडा काळा दिसला तरी हलका लागतो. नमुना काढताना ढीग करून चार भाग करतात, समोरासमोरचे दोन ठेवतात आणि तेच पुन्हा पुन्हा. तयार नमुन्याचे तीन भाग करावेत. एक आपला, एक घेणाऱ्याचा आणि एक दोघांच्या सहीने सीलबंद. एकदा घेणाऱ्याच्या प्रयोगशाळेने टक्का फार कमी दाखवला, तेव्हा तिसरा नमुना तिसऱ्याकडे तपासून घेता आला. पावसात भिजलेल्या मालाचं वजन पाण्यासकट भरतं, म्हणून ओलावाही त्याच दिवशी मोजून लिहून ठेवावा.

आता अपघात.

भादव्याचे दिवस होते, पाऊस लागून राहिला होता. माथ्यावरच्या जुन्या उघड्या खदानीत पाणी साचलं होतं. त्या खदानीचा तळ आणि आमच्या सगळ्यात वरच्या स्टोपचं, म्हणजे माल काढत असलेल्या पोकळीचं, छत यांच्यामध्ये खनिजाची एक जाड पट्टी मुद्दाम सोडलेली होती. ती मजबूत होती. पण पाणी तिच्यातून आलं नाही. ते बाजूच्या शिस्टच्या पापुद्र्यांतून उतरलं. शिस्टचे पापुद्रे थराच्याच कलाने उभे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की अभ्रक निसरडा होतो. खनिजाच्या वरच्या अंगाला जी भिंत झुकलेली असते तिला हँगिंग वॉल म्हणतात. तिथला शिस्ट असा ओला झाला आणि खाली वाळू भरलेली नसली, तर त्याला धरून ठेवायला काहीच राहत नाही. त्या स्टोपमध्ये दोन पट्ट्यांची जागा रिकामी होती.

सकाळच्या पाळीत दादाजींनी भिंत ठोकली. एक मोठा भाग बद्द वाजला. पाडायचा प्रयत्न केला, पडला नाही. तेव्हा त्यांनी वाटेवर आडवा बांबू बांधला, लाल कापड लावलं आणि वहीत लिहिलं. दुपारच्या पाळीत ठेकेदाराच्या माणसाने बांबू सोडला, कारण आत पडलेला माल त्याला त्या दिवशीच्या ट्रकमध्ये भरायचा होता. तीन माणसं आत गेली. मी खालच्या रस्त्यावर होतो. आधी वारा आल्यासारखं झालं, मग आवाज आला. धावत वर गेलो तेव्हा दोघे बाहेर आले होते, तिसऱ्याचा पाय फळीएवढ्या दगडाखाली होता.

सगळे त्याला ओढायला निघाले. ते थांबवलं, कारण प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात नेमकं हेच शिकवलं होतं. आधी वर बघायचं, आणखी काही पडणार का. दादाजी घरी गेले नव्हते. ते आले आणि सब्बल घेऊन आमच्या डोक्यावरचं छत ठोकत राहिले. ट्रकचा जॅक मागवला. दगड थोडा उचलायचा, लगेच खाली लाकडाचे ठोकळे सरकवायचे, मग पुन्हा उचलायचा. पाय मोकळा झाल्यावर कापडाने दाबून बांधला, दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या, त्याला कांबळ्यात गुंडाळलं आणि फळीवर आडवा ठेवूनच बाहेर आणला. खांद्यावर टाकून नेऊ असं काही जण म्हणत होते, ते होऊ दिलं नाही. तुमसरहून नागपूरला नेलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला, माणूस वाचला. माझे हात त्या रात्री भाकरी तोडतानाही थरथरत होते.

पुढचा त्रास वेगळा होता. तो माणूस ठेकेदाराचा होता आणि त्याचं नाव कामगारांच्या रजिस्टरमध्ये नव्हतं. तो आमच्याकडे नव्हताच, बाहेरून आत शिरला, असं सांगायला सुरुवात झाली. दोन वह्यांनी त्याला वाचवलं. एक दिव्याच्या खोलीतली. आत जाताना प्रत्येकाला टोपीचा दिवा मिळतो, त्याचा नंबर आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. त्यात त्याचं नाव सापडलं, रोजच्या रोज, अपघाताच्या दिवशीसुद्धा. दुसरी दादाजींची. भिंत सुटली आहे आणि वाट बंद केली आहे हे त्यात सकाळच्या वेळेसकट होतं. खाण सुरक्षा महानिदेशालयाचे अधिकारी चौकशीला आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा याच वह्या मागितल्या. त्याला भरपाई मिळाली. म्हणून खाणीत लागणाऱ्या पोरांना मी पहिल्या आठवड्यातच विचारतो, रजिस्टरमध्ये नाव चढलं का? स्वतः बघितलं का?

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. एका पट्टीपेक्षा जास्त जागा रिकामी ठेवायची नाही, वाळू आली नाही तर माल काढायचा नाही, असं ठरलं आणि पाळलं गेलं. हँगिंग वॉलला लागून हातभर खनिज तसंच सोडायचं, म्हणजे शिस्ट उघडा पडत नाही. मालकाला ते नुकसान वाटायचं, पण त्याने ऐकलं. जुन्या खदानीभोवती चर खणून पावसाचं पाणी बाहेर वळवलं. वाईट भिंतीत लोखंडी बोल्ट बसवले. एका ट्रकभर मालाच्या घाईने जे गेलं त्यापुढे या सगळ्याचा खर्च काहीच नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि अजून त्याचा राग येतो.

दादाजींचं दुखणं यानंतर काही वर्षांनी लक्षात आलं. आधी मला दिसलं ते वहीत. त्यांचं मोठं अक्षर बारीक होत चाललं होतं. ओळीच्या सुरुवातीला शब्द ठीक असायचा, शेवटी मुंगीएवढा व्हायचा. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग ते कमी बोलू लागले. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. कधी काही कारण नसताना हसत सुटायचे. घरचे घाबरले, कोणी बाहेरची बाधा म्हणालं, उतारे झाले. उतरणीवर त्यांचा तोल जायचा, मागे सरकायला सांगितलं तर पडायचे. चालताना टाचा टेकायच्या नाहीत, चवड्यांवर चालायचे. एका डॉक्टरने वाताचं सांगितलं, दुसऱ्याने म्हातारपणातला कंप. हाताला तर कंप फारसा नव्हताच.

नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय काम करता? मँगनीज म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, की ती मेंदूच्या आतल्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागात साठते. त्यातून हा आजार होतो. कंपवातासारखा दिसतो, पण तो नव्हे, आणि कंपवाताच्या गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. तेव्हाच्या खाण कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये होता. दादाजींनी कित्येक वर्षं कोरडं ड्रिलिंग केलं होतं. ड्रिलच्या सळईतून पाणी सोडलं तर धूळ जागेवरच चिखल होते. आमच्याकडे पाण्याची लाइन होती. पण ती फुटली की दुरुस्त होईपर्यंत कोरडंच चालायचं, आणि उभ्या अरुंद वाटेत वर ड्रिल धरून काम करताना सगळी धूळ तोंडावर यायची. रुमाल बांधायचे ते. रुमालाने एवढी बारीक धूळ अडत नाही.

सगळ्यांना सांगायची गोष्ट ही आहे. तेव्हाच्या नियमांप्रमाणे खाण कामगाराची कामाला लागताना आणि नंतर पाच वर्षांच्या आत पुन्हा पुन्हा वैद्यकीय तपासणी करावी लागायची, मालकाच्या खर्चाने. दादाजींची ती झाली होती. दर वेळी छातीचा एक्स-रे निघाला, तो स्वच्छ होता, आणि शेरा पडला, काम करण्यास योग्य. छातीच्या एक्स-रेमध्ये सिलिकोसिस दिसतो, मँगनीजचा आजार दिसत नाही. त्यासाठी माणसाला चालवून बघावं लागतं, मागे सरकायला सांगावं लागतं, दोन ओळी लिहायला लावाव्या लागतात. मँगनीजमध्ये काम करणाऱ्याने तपासणीत हे स्वतःहून मागावं. घरच्यांनी अक्षर, चाल आणि स्वभाव यांवर नजर ठेवावी. शंका आली तर पहिल्यांदा धुळीतून बाहेर काढावं, बाकीचं नंतर.

भरपाईचा अर्ज आम्ही केला. तेव्हा लागू असलेल्या, कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मँगनीजमुळे होणारे आजार होते. त्या मालकाकडे सलग सहा महिने तरी ते काम केलेलं असावं लागायचं. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागायचा, म्हणून आजाराचं नाव कोणत्या तारखेला कळलं तो कागद फार जपावा. मालकाच्या वकिलाने आजार म्हातारपणाचा आहे असं मांडलं. आमच्याकडे नागपूरच्या डॉक्टरांचा अहवाल होता, एमआरआय होता आणि वैद्यकीय तपासणीची जुनी प्रमाणपत्रं होती, ज्यांवर कामाची जागा आणि कामाचा प्रकार लिहिलेला होता. दादाजींच्या बायकोने ती लुगड्यांच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये ठेवली होती. त्याशिवाय मी एक मागणी केली. पाळीच्या वह्या न्यायालयात मागवून घ्या. पहिल्या वर्षांच्या आणि शेवटच्या वर्षांच्या पानांवरचं त्यांचं अक्षर शेजारी शेजारी ठेवून दाखवता आलं.

तारखा फार पडल्या. दर तारखेला त्यांना जीपमध्ये उचलून ठेवावं लागे, कारण चढता येत नव्हतं. एकदा वाटेत मला म्हणाले, ‘‘थो दगड तरी सांगून पडते.’’ पुढचं वाक्य त्यांना जुळवता आलं नाही आणि मलाही काय बोलावं सुचलं नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला. रक्कम उपचाराच्या खर्चाच्या मानाने थोडी होती, पण तीत कर्ज फिटलं आणि घरात आधाराला धरायला भिंतीला लोखंडी नळ बसवून घेतले. आता ते त्या नळाला धरून अंगणापर्यंत येतात. डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलं आहे, त्यांची नात आणि मी आळीपाळीने चालवतो.